पिनकोड पाहून कापलेले 90 हजार

वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या 4 लाख 50 हजारांच्या बिलातून विमा कंपनीने परवा 90 हजार रुपये कापले, आणि कारण दिले ते असे की, पॉलिसी सिंधुदुर्गातल्या पत्त्यावर घेतलेली आहे आणि उपचार मुंबईत, म्हणजे वरच्या झोनमध्ये (जास्त हप्त्याच्या शहरगटात) झाले, सबब 20 टक्के को-पेमेंट (बिलातला विमाधारकाने स्वतः भरायचा वाटा) लागू. वडील मुंबईला हौसेने गेले नव्हते. कणकवलीच्या डॉक्टरांनीच त्यांना तिकडे हलवायला सांगितले होते. आमच्याकडे दुखणे गंभीर झाले की गोव्यातले बांबोळी, कोल्हापूर नाही तर मुंबई गाठावी लागते, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हप्ते ठरवणाऱ्यांना ते ठाऊक नसेल, यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही. जिथे उपचार मिळत नाहीत तिथे हप्ता कमी आकारायचा आणि मिळतात तिथे माणूस गेला की पैसे कापायचे, हा कुठला न्याय?

मुंबईत खर्च जास्त येतो, असे मला तोंड वर करून सांगण्यात आले. अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटची कमाल किंमत तर सरकारने फेब्रुवारी 2017 पासून देशभर एकच ठेवली आहे. फरक पडतो तो खोलीच्या भाड्यात आणि डॉक्टरांच्या शुल्कात, आणि रुग्णालयांच्या दरांबाबत तरतूद असलेला 2010 चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. रुग्णालयांना हात लावायची कोणाची तयारी नाही, म्हणून वसुली आमच्याकडून!

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, तेव्हा घरात सगळ्यांना हायसे वाटले होते. पुढच्याच नूतनीकरणाला मूळ हप्ता वाढून आला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, म्हणून वाढ नेमकी त्या मर्यादेच्या आत बसवली होती. हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

आता एजंट सुचवतो की, जादा हप्ता भरून मुंबईचा झोन घ्या. म्हणजे डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या बहिणीइतका हप्ता भरायचा, आणि तिला रिक्षाने गाठता येते तसले रुग्णालय आम्ही रात्रभर रुग्णवाहिकेतून प्रवास करून गाठायचे. त्या रुग्णवाहिकेच्या भाड्यापैकीही पॉलिसीने फक्त 2 हजार रुपये मंजूर केले आहेत.