कुजलेल्या अडेनियमबद्दल आमचे उत्तर

सस्नेह नमस्कार.

मे महिन्यात आमच्याकडून नेलेल्या कलमी अडेनियमला डबल पाकळ्यांच्या लाल फुलांऐवजी साधी गुलाबी फुले आली आणि श्रावणात त्याचे खोड बुडाशी कुजले, म्हणजे आम्ही भलतेच आणि रोगट रोप दिले, असे आपण लिहिले आहे. आपण जोडलेले फोटो मी बारकाईने पाहिले.

दुसऱ्या फोटोत कलमाचा सांधा स्पष्ट दिसतो आणि गुलाबी फुलांची फांदी त्याच्या दोन बोटे खालून फुटलेली आहे. डबल पाकळ्यांचा वाण बियांपासून तसाच येईल याचा भरवसा नसल्यामुळे तो साध्या अडेनियमच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकट ठेवलेल्या खालच्या खोडावर, कलम करतात. खुंटाचे धुमारे वेळीच खुडले नाहीत, तर तेच जोर धरतात आणि वरचे कलम मागे पडते. रोप भलते नव्हते, परंतु हे आम्ही विक्रीच्या वेळीच सांगायला हवे होते.

कुजण्याचा दोष मात्र पूर्णपणे आमचा आहे. आपल्या कुंडीत आमच्याच कामगाराने भरून दिलेले लाल माती, शेणखत आणि कोकोपीट यांचे मिश्रण दिसते, जे आम्ही जास्वंदीसाठी वापरतो. अडेनियम हे आफ्रिका आणि अरबस्तानातल्या कोरड्या, खडकाळ भागांतले झाड. त्याचे नावही येमेनमधल्या एडन बंदरावरून पडले आहे. फुगीर बुडात ते स्वतःच पाणी साठवते, त्यामुळे सतत ओल्या मातीत त्याची मुळे गुदमरतात आणि कूज वर चढते. त्याला निम्म्याहून अधिक जाडसर वाळू आणि विटांचे बारीक तुकडे लागतात, पावसाळ्यात कुंडीखाली ताटली मुळीच नको, आणि माती दोन पेरे खोल कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नये.

खोडाचा वरचा भाग अजून टणक असेल तर कृपया टाकून देऊ नका. हातमोजे घालून, कारण कण्हेरीच्या कुळातल्या या झाडाचा चीक विषारी असतो, डाग नसलेला स्वच्छ गर लागेपर्यंत स्वच्छ सुरीने खालचा भाग कापावा, कापलेल्या जागी बुरशीनाशक पूड लावावी आणि आठवडाभर सावलीत सुकवून मगच तो कोरड्या वाळूत उभा करावा. हे जमणारे नसेल तर कुंडीसह आमच्याकडे आणावे, मी स्वतः कापून देईन.

तो भाग वाचो वा न वाचो, योग्य मिश्रणात लावलेले नवे कलम किंवा पूर्ण रक्कम, आपण म्हणाल ते आम्ही देऊ. विक्रीसाठी असलेल्या इतर अडेनियमच्या कुंड्यांतले मिश्रणही आम्ही याच आठवड्यात बदलत आहोत.