सॅटचे टक्के काढू नका हो!

रविवारी ताईने एक फॉरवर्ड पाठवला आणि पाठोपाठ फोन केला, "अगं, मग सॅटच पाठवायची ना?"

भाची अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज भरतेय. तिथल्या प्रवेशासाठीच्या सॅट आणि ॲक्ट या दोन्ही परीक्षा दिल्यात. सॅटला १६०० पैकी १३००, ॲक्टला ३६ पैकी २९. फॉरवर्ड म्हणतो, दोन्हींचे टक्के काढा, जास्त येतील ती पाठवा. ताईचं दुधाच्या हिशेबाच्या वहीत गणित मांडूनही झालं होतं. १३०० भागिले १६०० म्हणजे सव्वाएक्याऐंशी टक्के. २९ भागिले ३६ म्हणजे साडेऐंशी. सॅट जिंकली!

अहो, सॅट शून्यापासून सुरूच होत नाही. ती सुरू होते ४०० पासून. एकही उत्तर बरोबर न आलेल्या पोराला या हिशेबाने २५ टक्के! ॲक्ट १ पासून मोजतात, तिथे तेच पोर तीन टक्क्यांच्या आत. दहावीच्या मार्कशीटने आपल्याला टक्क्यांचं इतकं वेड लावलंय की समोर काय आहे तेही बघायचं नाही. तुलनेचा तक्ता तयार आहे, आणि तो कुणा क्लासवाल्याचा नाही. कॉलेज बोर्ड आणि ॲक्ट, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या दोन्ही संस्थांनी २०१८ मध्ये मिळून काढलाय, दोन्ही परीक्षा दिलेल्या मुलांच्या गुणांवरून. त्यात ॲक्टच्या २९ समोर सॅटचे १३४० आहेत. भाचीचे १३०० पडतात २८ च्या ओळीत. म्हणजे पाठवायची ती ॲक्ट. टक्क्यांच्या नादात पोरीने कमी पडलेले गुण पाठवले असते.

फॉरवर्डमधले बाकीचे मुद्दे. 'कॉलेजांना सॅटच आवडते': नाही. एमआयटीसुद्धा दोन्हींत डावं-उजवं करत नाही. 'ॲक्टमध्ये सायन्स सक्तीचं': होतं. २०२५ पासून ऐच्छिक झालंय. 'स्कोअर नसेल तर अर्ज कचऱ्यात': एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, हे खरं. पण कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली आणि यूसीएलए आलेच, प्रवेश ठरवताना हे गुण बघतच नाही. तिथे १६०० पाठवा नाहीतर ४००.

'गणित पक्कं असेल तर सॅट बरी' या एका वाक्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. सॅटमध्ये गणिताचं वजन निम्मं, ॲक्टमध्ये आता तिसरा हिस्सा. शिवाय सॅटला गणिताच्या ४४ प्रश्नांना ७० मिनिटं. नव्या ॲक्टला ४५ प्रश्न आणि ५० मिनिटं. पण हे कोणती परीक्षा द्यायची ते ठरवताना कामाचं. दोन्ही देऊन झाल्यावर तक्ता उघडायचा, बस.

ताईने वहीतलं गणित खोडलं. ग्रुपवर त्या फॉरवर्डला एव्हाना सात अंगठे आलेत, त्यातला एक आमच्या ह्यांचा.