साधुवाण्याचं जहाज आणि माझे शंभर शेअर

रविवारी डोंबिवलीला मावससासूबाईंकडे जेवायला गेलो होतो. वरणावर तूप घालता घालता बायकोनं सांगून टाकलं, "यांनी शेअरबाजाराचं पत्र लावलंय, कुठला शेअर घ्यायचा ते सांगणारं. पेपर लावतात ना, तसं. वर्षाला 5,900 रुपये." त्यातले नऊशे जीएसटीचे, पण हे कोणी ऐकूनच घेत नाही.

मावशी पोस्टातून निवृत्त. त्यांचा पैसा ज्येष्ठ नागरिक योजनेत, 8.2 टक्क्यांनी, आणि दर तिमाहीला व्याज जमा झालं की त्यांचा चेहरा कोजागिरीचा होतो. "बघू, जावईबापू," म्हणाल्या. बायकोनं माझ्याच बॅगेतून प्रिंट काढून दिली. (हो, मी प्रिंट काढतो. महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायला बरं पडतं.)

मावशींनी भिंग आणलं. आलेख, कंपनीचं नाव, मी मारलेल्या रेघा, सगळं ओलांडून त्या थेट शेवटच्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर गेल्या. आधी इंग्रजी ओळ, मग मराठी अर्थ, सूर पोथीचा.

"बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडची नोंदणी म्हणजे कामगिरीची हमी नव्हे."

"बरं," ओट्याखालून आवाज आला. तिथे सिंकचा नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर आडवा होता. त्याचे फक्त पाय दिसत होते.

"परताव्याची कोणतीही शाश्वती नाही."

"बरं."

"गुंतवणुकीपूर्वी सर्व कागदपत्रं काळजीपूर्वक वाचावीत. वाचली होतीत?"

मी लोणचं मागितलं.

"लिहिणाऱ्याकडे हा शेअर नाही, असं लिहिलंय."

"म्हणजे सायबानं स्वतः घेतलाच नाही!" पाय म्हणाले.

हे चांगलंच असतं, त्यानं सल्ला निःपक्षपाती राहतो, असं मी समजावू लागलो. मावशी म्हणाल्या, "स्वयंपाकीण आपलं रांधलेलं खात नाही, म्हणून ती निःपक्षपाती का?"

माझं खरं दुःख मांडायला मला संधीच मिळाली नाही. पत्र शुक्रवारी संध्याकाळी येतं. '185 च्या खाली खरेदी करा.' शनिवार-रविवार बाजार बंद. सोमवारी सव्वानऊला माझ्यासारखेच सगळे वर्गणीदार एकाच चिमुकल्या कंपनीवर तुटून पडतात, आणि भाव उघडतो 199 ला. मला शंभर शेअर मिळाले 203 ला. आज भाव आहे 141. पत्रातल्या कामगिरीच्या तक्त्यात मात्र हिशेब 185 पासूनच. म्हणजे तोटासुद्धा त्यांचा माझ्यापेक्षा स्वस्तातला! मध्ये वैतागून विकायला गेलो, तर लोअर सर्किट, म्हणजे भाव त्या दिवसाच्या तळाच्या मर्यादेला टेकलेला. विकणारे हजार, घेणारा एक नाही. पुढच्या पत्रात या सगळ्यावर एकच शब्द होता: 'होल्ड'. म्हणजे विकू नका, धरून ठेवा. दुसरं करण्यासारखं होतं काय?

बरं, 203 ला घ्या असं त्यांनी सांगितलं नव्हतं. 185 च्या वर घेतले ते मी. ही गोष्ट मी जेवताना बोललो नाही. इथेही फार बोलणार नाही.

मावशींनी भिंग मिटलं. "सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्यानं सांगितलं, नावेत काय, तर लता-पत्र. आणि झालं तसंच. पण क्षमा मागितल्यावर त्याचं धन परत तरी आलं. तुमच्याकडे नुसतं पत्र." यावर बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. लग्नाला सोळा वर्षं झाली, माझ्या विनोदाला तिला कधी ठसका लागलेला नाही.

निघताना प्लंबरनं अडीचशे मागितले. "जावईबापू, सुट्टे आहेत का तुमच्याकडे?" होते. शेअरमध्ये बुडालेले 6,200, पत्राचे 5,900, वर हे वॉशरचे. ते अजून परत आलेले नाहीत, आणि सासुरवाडीत असे पैसे मागता येत नाहीत.

काल मावशींचा फोन आला. नळ पुन्हा गळतोय. मी प्लंबरला फोन लावला.

"सध्या होल्ड करा, सायेब," तो म्हणाला.