‘द्या हो’मधला ‘हो’

डिसेंबरात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला. बँकॉकच्या कुठल्याशा बाजारात आपल्याकडचा एक गृहस्थ टी-शर्ट विकणाऱ्या बाईशी घासाघीस करतोय. बाई कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवते, तर हा तिच्या हातातला कॅल्क्युलेटरच ओढून घेतो आणि आपला आकडा टाकतो. जेमतेम २० सेकंदांचा व्हिडिओ, पण कोथरूडपासून सिंहगड रोडपर्यंत सगळ्या नातेवाइकांत दोन तट पडले. काका म्हणाले, ‘आपल्या लोकांना बाहेर सोडूच नये.’ मावसभाऊ म्हणाला, ‘गोरे गोव्यात येऊन काय काय करतात, त्याचे व्हिडिओ कुणी काढत नाही.’ मी १४ वर्षं म्युनिकला राहते, म्हणून निकाल माझ्याकडे मागण्यात आला. अशा ग्रुपवर निकाल देणाऱ्याचं पुढे काय होतं ते ठाऊक असल्यामुळे मी नुसता एक अंगठा टाकला. आता सविस्तर लिहिते.

आपण मुळात उद्धट आहोत हे मला मान्य नाही. आपलं सौजन्य फक्त अशा जागी ठेवलेलं असतं की ते सामानात भरायचं राहून जातं.

मंडईत मी म्हणते, ‘मावशी, अर्धा किलो गवार द्या हो.’ यात प्लीज नाही, थँक्यू नाही. उद्या मी ‘आभारी आहे’ म्हटलं तर मावशी घाबरेल. ते शब्द आपल्याकडे कार्यक्रम संपताना माइकवरून येतात. पण या वाक्यात मावशी आहे, ‘दे’च्या जागी ‘द्या’ आहे आणि शेवटी तो ‘हो’ आहे. सगळा मान, सगळी माया तेवढ्यात बसते. हेच वाक्य घाईत इंग्रजीत नेलं की मावशी गळते, ‘हो’ गळतो, ‘दे’ आणि ‘द्या’ एकच होतात. उरतं ‘गिव्ह हाफ किलो.’ ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो आणि बोलणाऱ्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो की काही वावगं बोललो.

मलाही नव्हता. पहिल्या वर्षी बेकरीत शिरल्या शिरल्या मी सरळ ब्रेडकडे बोट दाखवायचे. काउंटरवरची बाई माझ्याकडे बघून ‘ग्र्यूस गॉट’ म्हणायची आणि थांबायची. मी परत बोट दाखवायचे. ती परत ‘ग्र्यूस गॉट’. मी उत्तर दिल्याशिवाय ब्रेड जागचा हलणार नाही, हे कळायला मला तीन दिवस लागले. म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियातला हा नमस्कार, त्यात देवाचं नाव; म्हणजे आपल्या ‘राम राम’चा सख्खा भाऊच. गावाकडे आजोबा राम राम घातल्याशिवाय दुकानाची पायरी चढत नसत. मी पुण्यात वाढले, मला ते येत नव्हतं.

आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला व्हिक्टुआलिएनमार्क्टला नेलं. शहराच्या ऐन मध्यावर, १८०७ पासून भरणारा बाजार. आईने मंडईच्या सवयीने एक पीच उचललं, अंगठ्याने दाबलं, नाकाशी नेलं. गाळ्यावरची बाई अशी खेकसली की शेजारचे वळून बघायला लागले. तिथे गिऱ्हाइकाने माल चाचपायचा नसतो. कधी खायचंय ते सांगायचं, आज की दोन दिवसांनी, आणि विकणारी त्या हिशेबाने निवडून देते. ‘न दाबता घ्यायचं? आणि नासकं निघालं तर?’ आईचा चेहरा उतरला होता. तिचंही बरोबर. आपली मंडई १८८६ची, तेव्हापासून लोक दाबूनच घेताहेत.

आता त्या बाईचं ओरडणं कुठल्या सौजन्यात बसत होतं? कुठल्याच नाही. इथे बसचा ड्रायव्हर धापा टाकत येणाऱ्याच्या तोंडावर दार लावून निघून जातो. परदेशाच्या सभ्यतेची आरती ओवाळणाऱ्या माझ्यासारख्यांनी हेही सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात आई दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याच गाळ्यासमोर उभी राहिली, शाळेत इन्स्पेक्शनला उभं राहावं तशी, आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, ‘ग्र्यूस गॉट!’ चार पीच मिळाले. एक नासकं निघालंच. ते मला आई विमानात बसेपर्यंत ऐकावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी भावाचं बिऱ्हाड आणि आम्ही इस्तंबूलला भेटलो. टॅक्सीत बसताक्षणी भाऊ ओरडला, ‘मीटर! मीटर!’ आणि नकाशा उघडलेला फोन त्याने ड्रायव्हरच्या कानाशी धरला. संशय अगदीच वावगा नव्हता, पर्यटकांना लांबून फिरवल्याच्या कहाण्या तिथे भरपूर आहेत. मीटर सांगायलाच हवा. पण पुण्यात हाच माणूस रिक्षावाल्याला आधी ‘काका, येणार का?’ म्हणतो. तुर्कीत ड्रायव्हरला ‘आबी’ म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ, आपला दादाच. आणि काम करत असलेल्या कुणालाही ‘कोलाय गेल्सिन’ म्हणायची पद्धत आहे: तुमचं काम सोपं जावो. मला याला तोडीस तोड मराठी शब्द सापडलेला नाही. भाची हे सगळं फोनवर ऐकून ऐकून एका संध्याकाळीत शिकली. दुसऱ्या दिवशी टॅक्सीत ‘मेरहाबा आबी’, म्हणजे ‘नमस्कार दादा’, आधी आणि मीटर नंतर. सिमिट म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव; तो विकणाऱ्याला भाऊसुद्धा ‘कोलाय गेल्सिन’ म्हणाला. त्याने मान वर करून ‘साऽ ओल’, म्हणजे थँक्यू, म्हटलं आणि पैसे पूर्ण घेतले. ‘मग उपयोग काय?’ भाऊ हिरमुसला.

या जानेवारीत पुण्याला गेले तर ग्रुपवरची दुसरी कायमची लढाई जोरात होती: रिक्षा. २०२२च्या सप्टेंबरात मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ ठरला, तेव्हापासून ॲप खरं की मीटर खरा यावर काका आणि मावसभाऊ भांडताहेत. त्यात रिक्षावाल्याने मराठीतच बोलावं, हा नवा मुद्दा. भाचीचं त्यावर फार ठाम मत आहे, आणि मला ते पटतंही.

कर्वे पुतळ्यापासून आम्ही दोघी रिक्षा केली. बसता बसता तिने ओटीपीचे चार आकडे सांगितले, इंग्रजीत, आणि कानात इअरफोन घातले. नळस्टॉपला रिक्षावाले काका मराठीतच म्हणाले, ‘गर्दी बघा ताई, आज काय आहे काय?’ ते मीच ऐकलं. मंडईशी उतरलो, ती स्क्रीनकडे बघत चालू लागली.

‘अगं, त्यांना काही बोलली नाहीस,’ मी म्हटलं.

‘आत्या, फाइव्ह स्टार दिले ना.’