कसबा कुणाचा बालेकिल्ला नव्हता, आजही नाही

फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत पुण्याच्या कसबा विधानसभा मतदारसंघात काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांना ७३ हजारांच्या वर मतं पडली आणि ते जिंकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांना ७० हजारांच्या वर मतं पडली आणि ते भाजपच्या हेमंत रासनेंसमोर सुमारे १९ हजारांनी हरले. मधल्या एकवीस महिन्यांत त्यांची मतं कमी झाली ती जेमतेम अडीच-तीन हजारांनी. हा हिशेब मी कागदावर मांडला त्या दिवसापासून ‘कसबा बदलला’ आणि ‘कसबा परत आला’ ही दोन्ही वाक्यं मला ऐकवत नाहीत. काल एका घरगुती कार्यक्रमात पुन्हा तेच ऐकलं, म्हणून आज सगळं लिहून काढते आहे. पोस्ट लांब आहे. पेठांशी नातं असेल तर पूर्ण वाचा.

माझा जन्म कसबा पेठेतल्या वाड्यातला. पहिलं मत १९९५ साली दिलं, तेव्हापासून माझं मतदान इथेच. पेठ सोडून गेले नाही. वाडा गेला, त्या जागी इमारत आली, तिच्यात राहते. कुठल्याही पक्षाची सभासद नाही.

कसबा म्हणजे भाजपचा बालेकिल्ला, असं म्हणतात. त्यातल्या ‘बालेकिल्ला’ या शब्दावर माझा खरा राग आहे. बालेकिल्ला म्हटलं की आतल्या माणसांना विचारायची गरजच उरत नाही. किल्लेदार कोण, एवढाच प्रश्न राहतो. आता कसब्याचा इतिहास बघा. १९७८ साली जनता पक्षाचे अरविंद लेले निवडून आले. १९८० साली तेच लेले भाजपचे म्हणून आले. पक्ष स्थापन होऊन दोन महिनेही झाले नव्हते, राज्यात काँग्रेसची लाट होती, तरीही कसब्याने त्यांना निवडलं. इथे थांबलं तर बालेकिल्ला पटतो. पण १९८५ साली काँग्रेसचे उल्हास काळोखे आले. १९९० साली भाजपचे अण्णा जोशी. १९९१ साली अण्णा जोशी विठ्ठलराव गाडगीळांना हरवून लोकसभेत गेले, कसब्यात पोटनिवडणूक लागली आणि तिथे काँग्रेसचे वसंत थोरात जिंकले. त्या पोटनिवडणुकीत हरलेले भाजपचे उमेदवार होते गिरीश बापट. पंधरा वर्षांत या मतदारसंघाने आलटून पालटून दोन्ही पक्षांना निवडलं. बालेकिल्ल्याचं वागणं असं असतं का?

मग १९९५ आलं. बापट जिंकले आणि १९९९, २००४, २००९, २०१४ असे सलग जिंकत राहिले. आज बालेकिल्ला म्हणतात तो खरं तर या पंचवीस वर्षांचा आहे, आणि त्यातला मोठा वाटा एका माणसाच्या सवयींचा आहे. बापट मूळचे तळेगावचे, टेल्कोत नोकरी केलेले, आणीबाणीत तुरुंगात राहिलेले, १९८३ पासून नगरसेवक. माणूस रात्री उशिरापर्यंत भेटायचा. शाळेचा प्रवेश असो, रुग्णालयातली खाट असो, वाड्याची भिंत पडलेली असो, लोक आधी त्यांच्याकडे जायचे आणि मग पक्षाचा विचार करायचे. आमच्या वाड्यात कट्टर काँग्रेसची दोन घरं होती. विधानसभेला तीही बापटांना मत द्यायची आणि लोकसभेला पुन्हा पंजाला. त्यांना यात काही विसंगत वाटत नसे आणि मलाही कधी वाटलं नाही.

पण आकड्यांकडेही बघायला हवं. २००९ ची निवडणूक नव्या मतदारसंघरचनेनंतरची पहिली. जुन्या भवानी पेठ मतदारसंघाकडचा पूर्वेचा भाग कसब्यात आला: लोहियानगर, काशेवाडी, गंज पेठ, घोरपडे पेठ. म्हणजे एका टोकाला केसरीवाडा आणि दुसऱ्या टोकाला फुलेवाडा असा हा मतदारसंघ झाला. ब्राह्मण, माळी, मराठा, मुस्लिम, दलित, गुजराती-मारवाडी व्यापारी, तांबट आळीतले कारागीर, कुंभारवाड्यातली घरं. टीव्हीवर बसून कसबा म्हणजे सदाशिव पेठ असं बोलणाऱ्यांनी एकदा सकाळी मंडईपासून काशेवाडीपर्यंत चालत जावं. तर त्या २००९ मध्ये बापट सुमारे आठ हजारांनी आले. दुसरे होते मनसेचे रवींद्र धंगेकर, तिसरे काँग्रेसचे रोहित टिळक, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात अक्षरशः शंभरेक मतांचा फरक. दोघांची मिळून मतं बापटांच्या मतांपेक्षा खूपच जास्त होती. २०१४ ला सगळेच पक्ष वेगवेगळे लढले. बापटांना ७३ हजारांच्या वर मतं पडली, ४२ हजारांचं मताधिक्य मिळालं. तिथेही काँग्रेस, मनसे आणि राष्ट्रवादीच्या उमेदवारांची मतं जोडली तर आकडा बापटांच्या आसपासच येतो. यात बापटांचं यश कमी करायचा हेतू नाही. समोर बरेच जण होते, बापट एकच होते, आणि तेही सगळ्यांना भेटणारे. ही गोष्ट त्यांच्यानंतर आपोआप कुणाला वारसाहक्काने मिळणार नव्हती.

२०१९ ला बापट लोकसभेत गेले. विधानसभेला मुक्ता टिळक सुमारे २८ हजारांनी जिंकल्या. त्या आधी महापौर होत्या, पुण्यातल्या भाजपच्या पहिल्या महापौर. त्यांच्याबद्दल एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या मतदानाला त्या कर्करोगाशी झुंजत असताना रुग्णवाहिकेतून मुंबईला गेल्या. एकेका मताची किंमत होती म्हणून गेल्या. २२ डिसेंबर २०२२ ला त्या गेल्या.

त्याच वेळी चिंचवडचे लक्ष्मण जगतापही तसेच रुग्णवाहिकेतून मतदानाला गेले होते, आणि तेही पुढच्याच महिन्यात वारले. दोन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी पोटनिवडणूक लागली. चिंचवडला उमेदवारी जगतापांच्या घरात राहिली, कसब्यात टिळकांच्या घरात राहिली नाही. घराण्यांच्या उमेदवाऱ्या मला मुळीच पटत नाहीत. पण एकाच पक्षाने एकाच दिवशी दोन घरांना दोन न्याय लावले, हे पेठेत प्रत्येक ओट्यावर बोललं जात होतं. ते जातीपुरतंच, म्हणजे ब्राह्मणांच्या नाराजीपुरतंच होतं असं टीव्हीवर सांगितलं गेलं. आमच्या गल्लीत तसं नव्हतं. लोक म्हणत होते, ‘बाई स्ट्रेचरवरून गेली हो.’ एवढंच. त्यात जात कुठे होती?

भाजपचे उमेदवार हेमंत रासने काही अनोळखी नव्हते. महापालिकेत स्थायी समितीचं अध्यक्षपद सांभाळलेला माणूस. अडचण वेगळी होती. या वेळी समोर एकच धंगेकर होते. काँग्रेस, राष्ट्रवादी, ठाकरेंची शिवसेना एकत्र. २००९ चा मनसेचा, २०१४ चा मनसेचा तोच माणूस आता पंजावर. दुचाकीवरून फिरणारा, मयताला पोचणारा, पूर्व भागात नाव घेऊन हाका मारणारा. मला विचाराल तर बापटांच्या कामाच्या पद्धतीशी सगळ्यात जवळचा माणूस त्या निवडणुकीत विरोधी पक्षाचा उमेदवार होता. भाजपच्या एका मोठ्या नेत्याने प्रचारात ‘हू इज धंगेकर?’ असं विचारलं. त्याचं उत्तर पेठेत शाळकरी पोरांनाही माहीत होतं.

आणि आजारी बापटांना केसरीवाड्यात आणलं. चाकाची खुर्ची, नाकात ऑक्सिजनची नळी. ते चित्र मी विसरू शकत नाही. बापटांना मानणारी माणसं त्या दिवशी हळहळली आणि चिडलीसुद्धा. दीड महिन्याच्या आत, २९ मार्चला, बापटही गेले. त्यानंतर २०२४ च्या निकालापर्यंत पुण्याला खासदारच नव्हता. उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घ्यायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, तिथे प्रशासक. म्हणजे कसब्याच्या माणसाला तक्रार घेऊन जायला ना नगरसेवक, ना खासदार. एकटा आमदार. हा भाग कुठल्याच निवडणूक-विश्लेषणात वाचायला मिळत नाही. गटार तुंबलं तरी लोक धंगेकरांकडेच जात होते, याचं कारण हे होतं.

आता त्या रविवारकडे, २६ फेब्रुवारी २०२३ कडे येते. माझ्या मते कसब्याचा निकाल इथे लागला. पावणेतीन लाख मतदार, मतदान ५० टक्क्यांच्या आसपास. रासनेंना ६२ हजारांच्या वर मतं. २०१९ ला मुक्ताताईंना ७५ हजारांच्या वर होती. म्हणजे भाजपची तेरा हजार मतं कमी. ती सगळी धंगेकरांकडे गेली असं मानलं गेलं. पण २०२४ ला मतदान वाढलं, रासनेंना ९० हजार मतं पडली आणि धंगेकरांची जवळजवळ तेवढीच राहिली. धंगेकरांकडे गेलेली मतं परत आली असती तर धंगेकरांचा आकडा कोसळायला हवा होता. तो कोसळला नाही. त्याआधीच्या लोकसभेलाही धंगेकर स्वतःच्या कसब्यात भाजपच्या मुरलीधर मोहोळांच्या मागे होते, तेही मतं न गमावता. माझ्या समजुतीप्रमाणे २०२३ ला भाजपचा मतदार दुसरीकडे गेला नव्हता, तो घरी बसला होता. सदाशिव, नारायण, शनिवारमध्ये नेहमीचं मताधिक्य मिळालं नाही ते त्यामुळे.

हे ‘घरी बसणं’ म्हणजे काय, ते आमच्या वाड्यावरून सांगते. वाड्यात चौदा बिऱ्हाडं होती. आज त्यातली चार इथे आहेत. बाकीची कोथरूड, कर्वेनगर, धायरी, आंबेगाव. बऱ्याच जणांची नावं मात्र यादीत अजून इथलीच. (नाव जिथे राहता तिथे असावं, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. ‘कसब्यातलं नाव कसं काढू?’ असं उत्तर येतं, आणि मला पुढे बोलवत नाही.) मोठ्या निवडणुकीला ही माणसं येतात. सकाळी मतदान, मग कसबा गणपतीचं दर्शन, मग आमच्याकडे पोहे. दिवाळीसारखं असतं ते. २६ फेब्रुवारीला मी पोहे भिजवून ठेवले होते. एकही आलं नाही.

दोन्ही पोटनिवडणुका, १९९१ नंतरची आणि २०२३ ची, भाजपने कसब्यात गमावल्या याला मी योगायोग मानत नाही. पोटनिवडणुकीत इथे राहणारा मतदान करतो. सार्वत्रिक निवडणुकीत इथून गेलेलाही करतो. २०२३ साली तर हा फरक फारच मोठा होता.

आणि माणसं का गेली? कारण वाडे उभे राहू शकत नाहीत आणि नव्याने बांधताही येत नाहीत. मालकाला पन्नास वर्षांपूर्वीचं भाडं, भाडेकरूला हक्काची धास्ती, छोट्या प्लॉटवर बाजूने जागा सोडायचा नियम आड येत आला. शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत तर २०१० च्या कायद्याने नवं बांधकामच नाही. त्या शंभर मीटरमध्ये दरवर्षी पावसाळ्यात भिंती कोसळतात. प्रत्येक जाहीरनाम्यात ‘वाड्यांचा पुनर्विकास’ असतो, मी १९९५ पासून वाचते आहे. जमिनीखालून मेट्रो आली, कसबा पेठेचं स्टेशन झालं, मला त्याचा आनंद आहे. पण स्टेशनातून वर आलं की टेकू लावलेले सज्जे तसेच दिसतात.

जुनी माणसं सांगतात, शुक्रवार पेठ हा वेगळा मतदारसंघ होता तेव्हा १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एसेम जोशी तिथून आले आणि पुढे रामभाऊ म्हाळगी आले. एक समाजवादी, एक जनसंघाचे. त्याच पेठेने दोघांना निवडलं. म्हाळगी दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांना द्यायचे. ज्याला मतदारसंघ हक्काचा वाटतो, तो हिशेब देत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये धंगेकर शिंदेंच्या शिवसेनेत गेले तेव्हा मला हेच आठवलं. ७० हजार माणसांनी हरतानाही साथ दिली होती. त्या माणसांना एका कागदावर तरी कारण कळायला हवं होतं. रासनेंकडूनही माझी हीच अपेक्षा आहे. नव्वद हजार मतं मिळाली आहेत. वर्षाचा अहवाल छापा, घरोघर द्या. आमच्या इमारतीत मी स्वतः वाटीन.

नोव्हेंबर २०२४ ला आमच्या वाड्यातल्या धायरीच्या काकू आल्या. वय ऐंशीच्या पुढे. नातवाच्या गाडीतून आल्या, बोटाला शाई लावून घेतली, पोहे खाल्ले. मी विचारलं, “काकू, पोटनिवडणुकीला का नाही आलात?” कुणावर राग होता, उमेदवार पसंत नव्हता, असं काही सांगतील असं वाटलं होतं.

त्या म्हणाल्या, “अगं, गिरीश होता तेव्हा आदल्या रात्री कुणीतरी फोन करायचं, उद्या गाडी पाठवू का म्हणून. त्या वेळी कुणी फोनच केला नाही.”