‘रे’वर लटकलेला बाप

आमच्या कन्येने कीबोर्ड शिकायला सुरुवात केली, तेव्हा आता घरात संगीत येणार, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात ‘ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार’ची एकच चाल आली आणि गेले तीन महिने ती मुक्काम ठोकून आहे. ‘सासा पप धध प, मम गग रेरे सा.’ सातांपैकी सहाच स्वर लागतात, बिचाऱ्या निषादाला, म्हणजे ‘नी’ला, कोणी विचारतही नाही.

ही चाल मूळची फ्रेंच; १७६१ मध्ये ती छापली गेली होती. पुढे मोझार्टने पियानोसाठी तिला बारा प्रकारे नटवले. (आमच्या कन्येचेही बारा प्रकार आहेत, फक्त ते ठरवून केलेले नसतात.) जेन टेलर यांची चमचमत्या ताऱ्याची इंग्रजी कविता १८०६ मध्ये आली आणि कालांतराने याच चालीत राहायला गेली, इंग्रजी मुळाक्षरेही याच चालीत आली. घर एकच, भाडेकरू अनेक. जपानी व्हायोलिनवादक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीतही मुलांचे पहिले पाठ याच चालीवर बेतलेले आहेत. मूल मातृभाषा जशी ऐकून ऐकून शिकते तसेच संगीत शिकावे, असे त्यांचे म्हणणे. ते पटते, पण ती ऐकून ऐकून बापालाही येऊ लागते, हे मला उशिरा समजले.

खरा छळ मधल्या ओळीत आहे. ‘पप मम गग रे’ असे दोनदा वाजवून मग पहिल्या ओळीने षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, घरी परतायचे असते. कन्येला तहान लागते ती नेमकी दुसऱ्या ‘रे’ला. ती स्वयंपाकघरात निघून जाते आणि मी हातातले वर्तमानपत्र तसेच धरून ‘रे’वर लटकत राहतो. मग कार्यालयात, जिन्यात, दाढी करताना माझे मन उरलेली ओळ स्वतःच पुरी करते आणि पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. परवा एका गंभीर बैठकीत मी ती गुणगुणलो. संध्याकाळपर्यंत शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ तीच शीळ घालत होते. त्यांच्या घरी लहान मूल आहे. पुढचे मी सांगायला नको.

जर्मन भाषेत अशा चालीला ‘कानातला किडा’ म्हणतात. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातील संशोधकांना २०१५ मध्ये असे आढळले की, च्युइंगम चघळल्याने हा किडा काहीसा शांत होतो. मी लगेच प्रयोग केला. दोन मिनिटांत माझा जबडा ‘सासा पप’च्या लयीत चालू लागला.

तरीही या किड्याविरुद्ध मला फार बोलता येत नाही. क्लासमध्ये शिकवलेले पलटे, म्हणजे सरावाचे स्वरसमूह, कन्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरच विसरते. ही चाल मात्र तिने एके दिवशी निव्वळ खेळ म्हणून पहिल्या पांढऱ्या पट्टीऐवजी (पांढरी एक) चौथ्या पांढऱ्या पट्टीपासून (पांढरी चार) वाजवायला घेतली. ‘धध प’पर्यंत सगळे सुरळीत झाले, ‘मम’ला तिने पांढरी सात दाबली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिने पुन्हा दाबली. पुन्हा आठी. मग बोट हळूच खाली, काळी पाचवर सरकले आणि ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू ती काळी पट्टी आताच कोणीतरी तिथे आणून बसवली होती. ‘सा’ची जागा बदलली की बाकीच्या स्वरांच्या जागाही बदलतात, हे तिला कोणीही सांगितलेले नव्हते. कान तयार झाला होता. माझाही, कारण ती चुकताच मीसुद्धा खुर्चीतून अर्धा उठलो होतो.

या आनंदात मी क्लासच्या बाईंना सहज विचारले की, आता पुढची चाल कोणती. त्यांनी बीथोव्हेनची ती एलिसाला अर्पण केलेली रचना सुचवली. १८१० च्या सुमारास लिहिलेली ही रचना छापली गेली ती थेट १८६७ मध्ये. मधली सत्तावन्न वर्षे पालकांनी किती सुखात काढली असतील! तिच्या सुरुवातीला नऊ स्वर आहेत, आणि नवशिक्यांना बहुधा तेवढेच येतात.

काल कन्येने ते नऊ वाजवले, क्षणभर थांबली आणि पाणी प्यायला गेली.