‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार, ताई.

दूध, दही, तूप सोडल्यानंतरच्या दोन वर्षांविषयी मी जो लेख लिहिला, त्यावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. वीगन आहार, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीही न खाणे, हे पैसेवाल्यांचे खूळ आहे, दुधावाचून हाडे ठिसूळ होतील आणि बी-१२ जीवनसत्त्व मिळणार नाही, कोणाच्या घरी पानावर बसून तूप नको म्हणणे हा वाढणाऱ्या हाताचा अपमान आहे, असे आपण म्हणता. त्याखेरीज आपण एक प्रश्न विचारला आहे आणि तो जसाच्या तसा उतरवून घेतो: “तुम्ही लिहिता, ‘आम्ही घरी शेंगदाण्याचं दही लावतो.’ हे ‘आम्ही’ म्हणजे कोण? दही लावतं कोण?”

या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पहिले चार महिने ते दही माझी पत्नी लावत होती. निर्णय माझा होता आणि काम तिचे वाढले होते. लेखात मी ‘आम्ही’ लिहिले तेव्हा हे माझ्या लक्षातही आले नाही, आणि आपण नेमके तिथेच बोट ठेवलेत. हे काम किती असते ते सांगितल्याशिवाय आपल्या आक्षेपाचे वजन कळणार नाही. एक मोठी वाटी शेंगदाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी चोळून साले काढायची, तीन-चार वाट्या पाणी घालून गंधासारखे बारीक वाटायचे आणि जुन्या धुवट पंचातून पिळून घ्यायचे. मग ते दूध गॅसवर ठेवून सतत ढवळायचे, कारण हात थांबला की ते बुडाला लागते आणि करपट वास दह्यापर्यंत टिकतो. कोमट झाले की विरजण. पहिल्या खेपेला विरजण नसते, तेव्हा हिरव्या मिरचीचे सहा-सात देठ त्यात बुडवून ठेवायचे. त्यांच्यावरच्या जिवाणूंमुळे दूध विरजते, उन्हाळ्यात आठ तासांत, थंडीत त्याहून उशिरा. ते पहिले दही पातळ आणि उग्र लागते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून चांगले घट्ट बसते. उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात जातो. भिजवणे आणि विरजणे सोडले, तरी हाताशी उभे राहण्याचे काम पाऊण तासाचे, शिवाय वाटण्याचे भांडे, गाळणे आणि चिकट पंचा धुणे वेगळे. नोकरीला सकाळी साडेआठला बाहेर पडणाऱ्या बाईच्या दिवसात हा पाऊण तास कुठून येणार होता?

एका बुधवारी तिने ते काम केले नाही. भांडली नाही, बोलली नाही. भिजलेले शेंगदाणे ओट्यावर तसेच राहिले आणि संध्याकाळपर्यंत आंबले. त्यानंतर मी शिकलो. आज बुधवारी आणि शनिवारी दही मी लावतो, माझ्यासाठी वेगळी भाजी लागत असेल तर ती मी करतो आणि कणीक मळताना मोहन तेलाचे घालायचे हेही माझे मीच पाहतो. ज्याने नियम धरला त्यानेच त्याचे काम करावे, हे मला लेखात ठळकपणे लिहायला हवे होते. तो दोष मान्य करतो आणि मूळ लेखातले ते वाक्य आता बदलले आहे.

आमच्या घरात सगळ्यांनी दूध सोडलेले नाही, हेही लेखात स्पष्ट व्हायला हवे होते. आई वरण-भातावर साजूक तूप घेते. आठ वर्षांची मुलगी दूध पिते. तिच्या आहाराचा निर्णय मी माझ्या मनाप्रमाणे घेणार नाही. पत्नी घरात बहुतेक मी खातो तेच खाते, कार्यालयात मैत्रिणींच्या डब्यातली कढी आवडीने खाते आणि त्याबद्दल तिने मला काही सांगावे अशी माझी अपेक्षा नाही.

आता पैशांचे. दुकानात ओटच्या किंवा बदामाच्या दुधाचा लिटरचा खोका दोनशे-तीनशे रुपयांना मिळतो, तो पाहून आपण ‘चोचले’ हा शब्द वापरलात हे मी समजू शकतो. पण तो खोका आमच्या घरात क्वचित येतो. दोनशे ग्रॅम शेंगदाण्यांत लिटरभर दूध निघते आणि त्याचा खर्च गाईच्या दुधापेक्षा कमी येतो. चहात मात्र ते चांगले लागत नाही, गरम चहात फुटतेही, म्हणून मी गवती चहा आणि आले घालून कोरा चहा पितो. कोकणात माझ्या आजोळी अनेक घरांत दूध नसायचे आणि सगळे हाच चहा पीत. ‘वीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये घडवला गेला, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण पिठले-भाकरी, भरली वांगी, अळूचे फतफते, डाळिंब्यांची उसळ, तिळाची चटणी, ठेचा आणि सोलकढी यांत दुधाचा थेंब नाही आणि यांतला एकही पदार्थ इंग्लंडहून आलेला नाही. मी स्वयंपाकघरात नवे फार थोडे आणले. जे होते त्यातलेच अधिक वेळा करू लागलो.

बी-१२ बद्दल आपण दिलेला इशारा अगदी योग्य आहे आणि या बाबतीत गुळमुळीत बोलणाऱ्या वीगन मंडळींवर माझाही राग आहे. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. आंबवलेल्या पदार्थांतून किंवा समुद्री शेवाळातून ते मिळते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे अगदी कणभर, पण तो कण चुकला तर रक्त आणि मज्जातंतू या दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते. मी दूध सोडण्याआधी रक्त तपासून घेतले, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू केली आणि वर्षातून एकदा पुन्हा तपासतो. मात्र दूध घेतले की बी-१२ ची काळजी मिटली, हे आपले गृहीतक पुण्याच्याच अनुभवाला धरून नाही. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा जो दीर्घ अभ्यास सुरू केला, त्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले. त्या काही वीगन नव्हत्या. म्हणून आपणही दूध-भात खात असलात तरी एकदा तपासणी करून घ्यावी, ही माझी मनापासून विनंती आहे.

कॅल्शियमचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागते. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम असते, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, आणि तिळात त्याहून कितीतरी जास्त. पालकातही कॅल्शियम असते, पण त्यातल्या ऑक्झॅलेट या घटकामुळे ते शरीराला फारसे लागत नाही, म्हणून त्याला मी मोजत नाही. सकाळी नाचणीची आंबील किंवा दुपारी भाकरी, जेवणात तिळाची चटणी, आठवड्यातून तीनदा राजगिऱ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, एवढे मी न चुकता पाळतो.

आपल्या प्रतिक्रियेतले सर्वांत कळकळीचे वाक्य पानावरच्या तुपाविषयी होते. पंगतीत भातावर तूप वाढतात त्याला आपण अन्नशुद्धी म्हणतो, आणि ती नाकारणारा माणूस अन्नच नाकारतो आहे असे वाढणाऱ्याला वाटते, हे आपण फार नेमके लिहिलेत. मी हे केलेले आहे. चिपळूणला मावशीकडे गेलो होतो. तिने सकाळपासून आटवलेली बासुंदी वाटीत वाढली आणि मी वाटी बाजूला सारून, बाकी सगळे पानावर असताना, दुधाच्या धंद्यात वासरांचे काय होते ते सांगू लागलो. मावशी काही बोलली नाही. वाटी उचलून आत घेऊन गेली आणि नंतर वाढायला बाहेर आली ती तिची सून. त्या दिवशी माझे म्हणणे कोणालाही पटले नाही आणि पटण्याचे कारणही नव्हते.

पुढच्या खेपेला मी दोन दिवस आधी फोन केला. काय खात नाही याची यादी न देता काय खातो ते सांगितले: वरण, भात, कोणतीही भाजी, उसळ, आमटी, लोणचे, पापड, भाकरी, कोशिंबीर दह्याऐवजी लिंबू पिळून, फोडणी तेलाची. मावशी क्षणभर थांबून म्हणाली, “म्हणजे आमच्या सासूबाईंच्या चातुर्मासासारखंच की रे. त्या दरवर्षी काहीतरी सोडायच्या आणि आम्ही चार महिने त्यांचं वेगळं करायचो.” त्या दिवशी तिने घावन-घाटले केले होते, एरवी गौरीच्या नैवेद्याला करते तसे: तांदळाचे जाळीदार घावन आणि नारळाच्या दुधात गूळ घालून तांदळाच्या पिठीने आटवलेले घाटले. मी चार घावन खाल्ले आणि मावशीने पाचवे न विचारता वाढले.

ताई, मला वाटते आपल्या समाजाला हे नवे नाही. एकाला कांदा-लसूण चालत नाही, एकाचा गुरुवार असतो, एक सोमवारी फक्त फराळाचे खातो, आणि तरीही पंगत मोडत नाही, कारण नियम धरणारा आधी सांगतो आणि आपल्या नियमाचे प्रवचन पानावर करत नाही. मी या दोन्ही गोष्टी चुकलो होतो. नियम धरण्यात मात्र मी चुकलो असे मला वाटत नाही. नात्यातल्या एका गोठ्यात मी लहानपणापासून जात आलो आहे. वासरू लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही, म्हणून त्याला चार आचळे चाटू द्यायची आणि पान्हा सुटला की दावे ओढून खुंट्याला बांधायचे, हे मी शेकडो वेळा पाहिले होते आणि त्यात काही वावगे वाटले नव्हते. म्हशीचे नर रेडकू असेल तर त्याला तेवढेही मिळत नसे. तीन वर्षांपूर्वी तसे एक रेडकू दाराजवळ बांधलेले होते, बरगड्या मोजता येत होत्या, आणि आत बादलीत धार पडल्याचा आवाज आला की ते मान वळवून पाहत होते. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा ते नव्हते. गाईला माता मानणारी माणसे दुष्ट आहेत असे मी कधीही म्हटले नाही आणि म्हणणार नाही. तो गोठाही प्रेमळ माणसांचा आहे. पण ते रेडकू पाहिल्यावर माझ्याच्याने दूध पिववेना, आणि याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही.

बाहेर खाण्याबद्दल आपण विचारलेत की दर वेळी वेटरला छळायचे का. छळावे लागत नाही, नेमके बोलावे लागते. ‘वीगन’ म्हटले तर बहुतेक ठिकाणी ‘व्हेज’ ऐकू येते आणि पनीर येते. मी एकदा नुसते “तूप नको” म्हटले आणि डोसा लोण्यात न्हाऊन आला. चूक त्याची नव्हती, मी लोणी म्हटलेच नव्हते. आता एका दमात सांगतो, “तूप, लोणी, दही, क्रीम, पनीर नको, तेलावर करा.” उडप्याकडे इडली-सांबार, वडा आणि तेलावरचा डोसा निभावतो, पण खोबऱ्याच्या चटणीत दही आहे का ते विचारतो. पिठले-भाकरीच्या ठिकाणी भाकरीवर लोण्याचा गोळा येतो, तेवढा आधी सांगून टाळायचा. मिसळीची अडचण नाही. पावाची असते, कारण काही बेकऱ्या त्यात दूध घालतात किंवा वरून लोण्याचा हात फिरवतात. पंजाबी हॉटेलात मात्र मी जाणे सोडले आहे, कारण तिथे रस्सा काजू आणि क्रीमचा आणि नानच्या पिठात दही, आणि विचारत बसले तर बरोबरच्यांचे जेवण थंड होते. लग्नात मसालेभातावर तूप, जिलबीच्या पिठात बहुधा दही आणि शेवटी मठ्ठा, म्हणून घरून थोडे खाऊन निघतो आणि तिथे पुरी, बटाट्याची भाजी व लोणचे आनंदाने खातो. प्रवासाला आई दशम्या देत असे. त्या दुधात भिजवलेल्या असतात हे मला वयाच्या चाळिशीत कळले. आता ती तिखटमिठाच्या पुऱ्या देते.

पुडीबंद पदार्थांवरच्या हिरव्या ठिपक्याने फसू नये. तो शाकाहाराचा आहे आणि त्यात दूध बसते; बिस्किटांत दुधाची भुकटी, व्हे किंवा केसीन (ही दोन्हीही दुधापासूनचीच) सर्रास असते. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि वेगळे चिन्ह दिले, पण ते किराणा दुकानात अजून फारसे दिसत नाही. त्यामुळे घटकांची बारीक अक्षरे वाचावीच लागतात.

शेवटी आपण विचारलेत की गणपतीत नैवेद्याचे काय करता. आई लोणी कढवून तूप करते, नैवेद्याच्या पानावर आणि मोदकांवर ते वाढते, आरती मी म्हणतो. माझे मोदक मी नारळाच्या दुधाबरोबर खातो, तेही आजोळच्याच पद्धतीने.

आणि आपण जाता जाता लिहिलेत की आपल्या सावंतवाडीच्या माहेरी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या साच्यातून पाडलेल्या शेवया, नारळाच्या गुळवणी रसात खात असत आणि त्यात दूध कधीच नसे. मी ते दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा साच्यातून तुटून पडले. तांदूळ नवा घ्यायचा की जुना, आणि पिठाचे गोळे साच्यात घालण्याआधी पाण्यात किती वेळ उकडायचे, एवढे कृपया कळवाल का?